निळ्या झाडांचा जून

सिंगापूरला ऋतू नसतात असं जे म्हणतात, ते बहुधा चार दिवसांचे पाहुणे असतात. आम्ही बिशानला पस्तीस वर्षं काढली, आम्हाला विचारा. जून लागला हे आभाळाकडे बघून कळत नाही, ब्लॉकखालच्या आवाजावरून कळतं. एरवी सकाळी दहाला खालचा मोकळा व्हॉइड डेक सामसूम असतो. एखादे आजोबा पेपर वाचत बसलेले, बस्स. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि तिथे सायकलींच्या घंटा वाजायला लागतात. चेंडू खेळू नये अशी पाटी ज्या खांबावर लावली आहे, नेमका त्याच खांबावर दिवसभर चेंडू आपटत राहतो. मग कोपऱ्यावर ड्युरियनवाला त्या काटेरी फळांची टेबलं मांडतो आणि तो प्रसिद्ध वास लिफ्टमध्ये बसून आमच्या तेराव्या मजल्यावर येतो. माझा नवरा हेमंत नाक दाबून खिडक्या लावत फिरतो आणि मी त्याच्या मागोमाग त्या उघडत जाते.

हेमंतला वाटतं, मला ड्युरियन आवडायला लागलं. तसं काही नाही. पण जूनचा कुठलाही वास आला की त्याच्या मागून मला दुसरा एक वास येतो, लिंडेनच्या फुलांचा. मधासारखा, जरा उग्र, आणि वरून डोक्यावर पडल्यासारखा येणारा. तो मी आयुष्यात एकाच जूनमध्ये घेतला, व्हिएन्ना नावाच्या शहरात, आणि तोही विद्यार्थिनी म्हणून. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

एक्केचाळीस हे विद्यार्थिनी होण्याचं वय नव्हे, हे मला लोकांनी वेळोवेळी सांगितलं होतं. हेमंतच्या बँकेतल्या नोकरीमागे मी नाशिकहून इथे आले, मुक्ता झाली, आणि मधल्या वर्षांत मी घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करून देऊ लागले. माझी आई नाशिकला ब्लाउज शिवायची, त्यामुळे हात तयार होता. लिटिल इंडियात साडी घ्यायची आणि बिशानला वैशालीकडे फॉलला टाकायची, असा टॅम्पिनीसपर्यंतच्या मराठी बायकांचा रिवाजच पडून गेला. मग एक दिवस हेमंतने एक पत्रक आणून माझ्या मशीनवर ठेवलं. वस्त्रकलेचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, संध्याकाळचे वर्ग. "बघ बाई," एवढंच तो म्हणाला. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या.

खऱ्या मॅडम दोन मिनिटांनी आल्या. मिस लिम. साठीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात चष्म्याऐवजी छोटी कात्री लटकवणाऱ्या. माझं काम पाहून मिस लिम कधी रागावल्या नाहीत, आणि खरं दुखणं तेच होतं. माझा टाका सरळ, माझी तुरपाई बारीक, माझं काज बघून वर्गातल्या मुली हरखायच्या. मिस लिम ते उलटसुलट करून बघत आणि ठेवून देत. "व्हेरी नीट," त्या म्हणत. "बट यू नेव्हर लुक, वैशाली. यू ओन्ली फॉलो." सांगितलं तेवढं करतेस, स्वतःचे डोळे वापरत नाहीस. दोन वर्षं मी हे ऐकलं. मनात म्हणायचे, बाई, सांगितलं तेवढं नीट करण्यातच तर माझा संसार झाला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय मांडायचा होता. माझे तीन विषय मिस लिमनी परत केले. "दीज आर फ्रॉम बुक्स." जूनमध्ये वर्गाची दहा दिवसांची अभ्याससहल व्हिएन्नाला जाणार होती. मला शेवटची संधी मिळाली ती अशी: तिथे काहीतरी स्वतः बघून विषय आण. परत निघण्याआधी विषयाच्या फॉर्मवर मिस लिमची सही झाली तर शेवटचं वर्ष, नाही झाली तर इथेच थांब. म्हणजे दोन वर्षांच्या संध्याकाळच्या बस, फ्रिजमध्ये करून ठेवलेल्या भाज्या, मुक्ताच्या हुकलेल्या दोन पालकसभा, हे सगळं एका सहीवर येऊन टेकलं.

त्यात भर म्हणजे ते मुक्ताच्या पीएसएलईचं वर्ष. सहावीची ही परीक्षा सिंगापुरात मुलं देतात असं कागदोपत्री म्हटलं जातं, पण देतात त्या आया. जूनची सुट्टी म्हणजे तर तयारीचा सुगीचा काळ. त्या महिन्यात पीएसएलईवाल्या घरात कुणी मोठ्याने शिंकत नाही. अशा जूनमध्ये आई युरोपला निघाली! आमच्या पाटणकर वहिनींनी फॉलला दिलेली साडी परत नेताना दारात चप्पल घालता घालता म्हटलं, "धन्य आहे हो तुमची. आमच्याच्याने नाही झालं असतं." आवाज कौतुकाचा होता, म्हणून जास्त लागलं.

मी हेमंतला म्हटलं, नाव काढून घेते माझं. तो म्हणाला, "अगं, पेपर तिचा आहे. तू घरी बसून तिच्या जागी लिहिणार आहेस का?" मुक्ता गणिताच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, यू गो लाह. यू ॲट होम, एव्हरी टेन मिनिट यू ब्रिंग मिल्क. हाऊ टू स्टडी?" बारा वर्षांच्या मुलीने इतक्या स्वच्छ शब्दांत आपली गरज नाही म्हणून सांगितल्यावर आईने काय करावं? मी बॅग भरली. निघताना विमानतळावर रडले ती मात्र मीच, मुक्ता माझ्या खांद्यावरून डोनटच्या दुकानाकडे बघत होती.

व्हिएन्नाने मला पहिला धक्का दिला तो उजेडाचा. विषुववृत्ताजवळ सूर्य सरकारी नोकरासारखा असतो, सातला येतो, सातला जातो. तिथे आठ वाजले, साडेआठ वाजले, ऊन आपलं घरांच्या वरच्या मजल्यांवर रेंगाळतंय. पोटाला कळेना भूक लागायची की नाही. माझ्या खोलीत नुरुल नावाची एकोणीस वर्षांची मलाय मुलगी होती. ती खिडकीत उभी राहून दर पाच मिनिटांनी घोषणा करायची, "आंटी, स्टिल ब्राइट!" आम्ही दोघी त्या उजेडाला इतक्या हपापलेल्या, की पहिल्या दिवशी पाय दुखेपर्यंत नुसत्या चालत राहिलो. वाटेतल्या झाडाखाली नुरुल थबकली आणि नाक वर करून म्हणाली, "हूज परफ्यूम?" तो लिंडेन होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुललेला, खाली बाकांवर पिवळसर फुलांचा कचरा सांडलेला, आणि वर मधमाश्यांची एकसुरी गुणगुण. मी ती फुलं रुमालात बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रुमालाचा वास वाळलेल्या गवतासारखा येऊ लागला, तरी टाकवेना.

काय काय आठवतं! गोटे बसवलेले रस्ते, ज्यांच्यावर माझ्या बिशानच्या चपला दुसऱ्याच दिवशी हरल्या. घोडागाड्या, आणि त्यांच्या मागे रेंगाळणारा लिदीचा वास. मला एकदम नाशिकच्या टांगा स्टँडवर नेऊन उभी करणारा. बाकीची मुलं नाकाला टिशू लावत होती आणि मी खोल श्वास घेत होते. रस्त्याकडेच्या नळांना येणारं बर्फगार पाणी, जे कुणीही ओंजळीने प्यावं. कॉफीच्या दुकानातला चांदीसारखा ट्रे, कपाशेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. एका कपावर माणसं दोन दोन तास बसत. आमच्या फूड कोर्टात शेवटचा घास तोंडात असतानाच पाठीमागे जागेसाठी कुणीतरी ट्रे घेऊन उभं असतं, त्यामुळे आम्ही कॉफी चार घोटांत संपवून उठलो. वेटर बिचारा घाबरला, कॉफीत काही बिघडलं की काय म्हणून विचारायला आला.

आणि रांग! सिंगापूरच्या माणसाला रांग दिसली की तो आधी उभा राहतो, कशाची आहे ते मग विचारतो. पुढे काहीतरी चांगलं असल्याशिवाय लोक उभे राहतील का, हा त्यामागचा विश्वास. एका दुपारी आमच्या अकरा जणांच्या वर्गाने अशीच एक रांग पकडली. तासाभराने आत गेलो तर ती ऑपेराच्या उभ्याने बघायच्या तिकिटांची निघाली. तीन तास, एका शब्दाचा अर्थ कळत नाही, आणि बसायला जागा नाही. मुलं कुरकुरत होती. मी मात्र नायिकेच्या घागऱ्याचा घेर मोजण्यात गुंगले. मिस लिम पितळी कठड्याला टेकून उभ्या उभ्या झोपल्या, आणि टाळ्या सुरू झाल्या तशा जाग्या होऊन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागल्या.

शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या चर्चच्या भिंतीत दोन लोखंडी सळया बसवलेल्या आहेत, एक लांब, एक जरा आखूड. जुन्या काळी कापडवाला मापात मारतोय असा संशय आला, की गिऱ्हाईक कापड घेऊन थेट इथे यायचं आणि सळईला लावून बघायचं. मिस लिमनी हे सांगितलं आणि सगळ्यांनी फोटो काढले. मी गर्दी हटेपर्यंत थांबले आणि लांब सळईला हात लावला. थंडगार होती. मग तिच्यावर माझ्या विती मोजल्या. आई नाकाच्या शेंड्यापासून हाताच्या बोटापर्यंत कापड ताणून वार मोजायची, तसंही करून बघितलं. एक जपानी पर्यटक माझा फोटो काढून गेला. त्याच्या अल्बममध्ये मी कुठल्या धर्माची कुठली प्रार्थना करतेय असं लिहिलं असेल, कोण जाणे.

एवढं सगळं बघत होते, पण फॉर्म कोराच होता. इतर मुलांचे विषय एकेक करून पास होत गेले. नुरुलने घोडागाडीवाल्यांच्या टोप्या घेतल्या. मी वहीत सळया काढल्या, घागरा काढला, वेटरचं जाकीट काढलं. मिस लिम पानं उलटून म्हणत, "नाइस ड्रॉइंग," आणि वही परत देत. रात्री डोळा लागताना माझ्या मनात पाटणकर वहिनी चप्पल घालत असायच्या.

नवव्या दिवशी आम्ही एका गल्लीतल्या जुन्या व्यापाऱ्याच्या घरी गेलो. त्या घराचं आता छोटं संग्रहालय केलं आहे. अंगणात एक लिंडेन, आणि अंगणाला लागूनच काचेच्या दाराची खोली. खोलीत भिंतभर टांगलेलं लोकरीचं विणकाम: शिकारी, कुत्री, उंच टोप्यांच्या बायका, आणि त्यांच्या मागे रान. पण त्या रानातली सगळी झाडं निळी. पानं निळी, गवत निळं, वेली निळ्या.

"एह, व्हाय द ट्रीज ऑल ब्लू वन?" नुरुलने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"यू टेल मी," मिस लिम म्हणाल्या. "राइट डाउन."

मुलं लिहू लागली. कुणी लिहिलं, रात्र दाखवली आहे. कुणी लिहिलं, दुःखाचा रंग. मी लिहिलं, बहुतेक संध्याकाळ असावी, आणि माझं मलाच ते पुस्तकातलं वाटलं. विणकामाचा खालचा कोपरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला दोर. आणि मग माझ्या हाताने जे केलं ते मी केलं असं म्हणायला आजही माझी जीभ वळत नाही. मी वाकले आणि दोन बोटांनी तो कोपरा उलटून मागची बाजू बघितली.

हे कुठल्याही मराठी बाईला समजावून सांगायला नको. लहानपणी आई मला येवल्याला घेऊन जायची. विणकर पैठणी उलगडायचा, मोर चमकायचे, आणि आई शांतपणे पदर उलटा करायची. "आधी मागून बघ," ती सांगायची. खऱ्या पैठणीचा पदर मागूनही तितकाच देखणा असतो. मागे दोरे लोंबताना दिसले की आई उठायची, मग मोर कितीही नाचोत. विणकराला त्यात अपमान वाटत नसे. उलट, जी बाई पदर उलटत नाही तिलाच तो नवखी समजायचा. लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडच्या दुकानांतही मी तेच करत आले, आणि तिथले तमिळ दुकानदार मला बघितलं की साडी उलटीच पसरतात. हात इतका सवयीचा झालेला, की समोर साडी नसून तीनचारशे वर्षांचं विणकाम आहे, हे त्याला कुणी कळवलंच नाही.

पण काय बघितलं मी! मागे झाडं हिरवी होती. लोंबणारे दोरे, गाठी, आणि त्यांच्यातून उसळणारा हिरवा. इगतपुरीकडे जुलैत भाताची रोपं दिसतात तसा. एका क्षणात सगळं समजलं, कारण हे मी माझ्या घरी बघितलं होतं. बिशानला आम्ही कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालतो. हेमंतचा एक पोपटी कुर्ता त्या उन्हात वर्षभर वाळत राहिला आणि शेवटी निळसर झाला. हिरव्यातला पिवळा रंग ऊन खाऊन टाकतं, निळा मागे राहतो. ही झाडं कुणी निळी विणलीच नव्हती. शेकडो वर्षं उजेड सोसून ती निळी झाली होती, आणि भिंतीकडे तोंड करून त्यांचा खरा रंग जसाच्या तसा बसून होता.

"नाइन! नाइन!"

म्हणजे जर्मनमध्ये नाही, नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पांढऱ्या केसांच्या, निळ्या स्वेटरच्या रखवालदार बाई धावत आल्या. मी कोपरा सोडला. त्या जर्मनमध्ये जे बोलल्या त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि सगळा अर्थ कळला. मिस लिम कमरेत वाकून माफी मागत होत्या. त्यांना कुणापुढे वाकलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "गो आउट," एवढंच म्हणाल्या. "टुमॉरो नाइन ओ'क्लॉक, हिअर. ब्रिंग अपॉलॉजी लेटर. ब्रिंग यॉर फॉर्म."

मी अंगणात बाकावर जाऊन बसले. शाळेत असताना मला कुणी कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं, ती हौस एक्केचाळिसाव्या वर्षी फिटली. वर्ष गेलं हे मी धरूनच चालले. तरीही, खरं सांगते, त्या भीतीच्या तळाशी मला विलक्षण आनंद होत होता. एवढ्या सगळ्यांत तो हिरवा फक्त मी बघितला होता. मला तो कुणालातरी सांगायचा होता. थोड्या वेळाने नुरुल बाहेर आली, माझ्या हातात मीठ लावलेला पावाचा वेढा ठेवला आणि म्हणाली, "आंटी, यू डाय ऑलरेडी." मग शेजारी बसून हळूच, "बट बिहाइंड, गॉट व्हॉट?" मी सांगितलं. तिने उठून काचेला नाक लावलं आणि त्या निळ्या रानाकडे बघितलं.

संध्याकाळी फोनकार्ड घालून घरी फोन केला. हेमंतने विचारलं, "सही झाली का?" मी म्हटलं, "उद्या." तो खूश झाला. मुक्ताने फोन घेऊन सांगितलं, की बाबांनी खिचडी केली आणि ती भांड्यातून काढायला सुरी लागली. मला इतकं हसू आलं की पुढे डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं आहे हे मी शोधत बसले नाही. (त्या मुक्ताला पीएसएलईत जे मिळायचं ते मिळालं. आज ती तिशी ओलांडून गेली आहे, आणि तिचे मार्क मला आठवतात, तिला नाही.)

दुसऱ्या दिवशी नऊला मी अंगणात हजर होते. मिस लिम बाकावर बसलेल्या. त्यांनी माझं माफीपत्र वाचलं, घडी घातली. बोलणी खायची मी तयारी ठेवली होती आणि ती मिळालीही, अगदी दहा मिनिटं: जुनी वस्तू, हाताचा घाम, शाळेचं नाव. मी मान खाली घालून ऐकलं. ते सगळं बरोबरच होतं, आणि आजही मी कुणाला तसं करू देणार नाही.

मग मिस लिम थांबल्या. वर लिंडेनमध्ये मधमाश्या गुणगुणत होत्या.

"हाऊ लाँग यू लुक?"

"थ्री सेकंड्स, मे बी."

"सो? व्हॉट कलर?"

"ग्रीन," मी म्हटलं.

"ग्रीन इज व्हॉट?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून शेड कार्ड काढलं. दोऱ्यांच्या नमुन्यांचं ते जाड पुठ्ठ्याचं कार्ड आमच्या वर्गात प्रत्येकाकडे असायचं, रंगारंगांचे छोटे झुपके ओळीने बांधलेलं. त्यात हिरवेच चाळीसएक. ते माझ्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "यू से यू लुक. शो मी."

कालचे ते तीन सेकंद मी डोळ्यांसमोर आणायला लागले. सुरुवातीला सगळेच हिरवे खरे वाटले, मग सगळेच खोटे. शेवटी मी डोळे मिटले, मनातल्या मनात तो कोपरा पुन्हा उचलला, डोळे उघडले आणि एका झुपक्यावर बोट ठेवलं. मिस लिमनी गळ्यातली कात्री घेऊन तो दोरा कापला, माफीपत्राबरोबर तळहातावर धरला आणि आत गेल्या. मला अर्थातच आत मज्जाव होता.

काचेतून मी बघत राहिले. निळ्या स्वेटरच्या बाईंनी पत्र वाचलं. मिस लिमनी दोरा पुढे केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. बाईंनी चष्मा घातला. दोरा घेऊन त्या खिडकीच्या उजेडात गेल्या, सावलीत आल्या, पुन्हा उजेडात गेल्या. मग विणकामाकडे न बघताच त्यांनी मान हलवली. होकार की नकार, कळेना. त्या बोलत होत्या, हाताने काहीतरी खाली उतरवल्यासारखं दाखवत होत्या, मिस लिम ऐकत होत्या. शेवटी बाईंनी काचेतून माझ्याकडे बघून दरडावल्यासारखं बोट हलवलं. पण त्या हसत होत्या.

मिस लिम बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "एव्हरी स्प्रिंग दे टेक इट डाउन, क्लीन फ्रॉम बिहाइंड. शी होल्ड दॅट कॉर्नर. इलेव्हन इयर्स." मी शेड कार्ड उराशी धरलं. "शी से, वन शेड लाइटर."

माझा चेहरा पडला असणार, कारण मिस लिमनी लगेच हात वर केला. "यू लुक इन द शॅडो. इन शॅडो, ऑफ कोर्स डार्कर. सो, करेक्ट." आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, माझ्याकडे सरळ बघत त्या म्हणाल्या, "धिस टाइम यू लुक, वैशाली. फॉर्म."

विषयाच्या रकान्यात मी लिहिलं, झाडं निळी का दिसतात. सही करायला टेबल नव्हतं, बाकावर फुलं सांडून चिकट झालं होतं. मिस लिमनी मला खांद्याला धरून वळवलं, माझ्या पाठीवर फॉर्म ठेवला आणि पेनाचं टोक टेकवलं. कुर्त्यातून ते पेन टोचत पुढे सरकताना मला जाणवत होतं, एकेक अक्षर, सावकाश, आणि माझे खांदे काही केल्या गदगदायचे थांबेनात.

"डोन्ट मूव्ह," पाठीमागून मिस लिम ओरडल्या. "यू लाफ, माय सिग्नेचर ऑल क्रूकेड!"